जिजीचं साल

जिजी, माझी आजी, गेली ती २०२३ च्या ज्येष्ठात. त्या वर्षी पाऊस लांबला होता. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करायला काका गेले आणि वयाच्या रकान्यापाशी अडले. आधार कार्डावर १ जानेवारी १९३७ होतं. मतदार यादीतल्या वयावरून मागं मोजलं तर १९३४ निघत होतं. गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच, "नव्वदी कवाच वलांडली की म्हातारीनं!" शेवटी आधारवरचंच वय लिहिलं गेलं. दाखल्यावर जिजी शहाऐंशी वर्षांची झाली.

मला ते सहन होईना. ज्या बाईनं आमच्या घराचा एकूण एक हिशेब तोंडपाठ ठेवला, कुणाची किती पायली उसनी, कुठल्या गाईला किती वेतं, कुठल्या नातवाला कधी गोवर आला, तिचं स्वतःचं साल मात्र कुणाकडंच नसावं? तेराव्याला सगळे जमले होते तेव्हाच मी म्हटलं, वर्षश्राद्धापर्यंत जिजीच्या आयुष्याची एक छोटी पुस्तिका काढू या. घरच्यांसाठीच. आत्यानं लगेच होकार दिला, काकांनी मान डोलावली, आणि काम माझ्या गळ्यात पडलं. ते काम कसं झालं ते इथं लिहिते आहे, कारण असं काही करावं असं मनात असलेली बरीच माणसं मला भेटतात आणि सुरुवात कुठून करायची इथंच थांबतात.

आधी थोडी घरची माहिती. आमचं गाव कराड तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. जिजीचं माहेर खटाव तालुक्यात, म्हणजे पार दुष्काळी मुलखात. आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मुंबईला कापड गिरणीत. वर्षातून दोनदा यायचे, यात्रेला आणि पेरणीला. बाकीचं वर्ष शेत, गोठा, सासू-सासरे, पोरं आणि कोर्टकचेरी जिजीकडं. आमच्या भागातल्या हजारो घरांची हीच मांडणी होती. पुरुष लालबाग-परळच्या गाळ्यात दहा-पंधरा जणांत झोपायचा, खानावळीत जेवायचा आणि गावाकडं मनीऑर्डर करायचा.

पहिली गोष्ट मला कळली ती ही, की "कोणत्या साली?" असं विचारायचंच नाही. असं विचारलं की म्हातारी माणसं गप्प होतात, किंवा अंदाजानं काहीतरी सांगून आपली सुटका करून घेतात. त्याऐवजी विचारायचं, तेव्हा अंगणात कोण रांगत होतं? गोठ्यात काय होतं? शेतात काय उभं होतं? जिजीची धाकटी जाऊ, माझी चुलतआजी, आता पंचाऐंशीच्या घरात आहे. तिला साल एकही सांगता येत नाही. पण म्हशींची वंशावळ चार पिढ्यांची पाठ. "भुई हालली तवा बांडी म्हस गाभण हुती. तिची रेडी म्हंजी बहात्तरला तुझ्या मामाआज्यानं वैरण दिली ती." एवढ्या एका वाक्यात मला दोन सालं आणि एक नातं सापडलं.

जनगणनेच्या प्रगणकांनाही, ज्याला वय ठाऊक नाही त्याला भागातल्या ठळक घटना सांगून वय काढायला शिकवतात. मी तेच केलं. आमच्या मुलखाच्या घटनांची एक यादी करून भिंतीवर लावली: १९४२ चा वडूजचा मोर्चा, पत्री सरकार, १९४८ चं जळीत, कुळकायदा, कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, गिरणी संप. जिजीच्या आठवणीतली प्रत्येक गोष्ट यातल्या कशाच्या तरी अलीकडं किंवा पलीकडं बसवायची. काही गोष्टी पालीच्या यात्रेवरून लागल्या. पालीच्या खंडोबाचं लग्न पौषात लागतं, त्यामुळं "पालीच्या यात्रेआधी आठ दिवस" म्हटलं की निदान महिना तरी पक्का होतो.

जन्माचं साल या यादीवर बसेना. त्यासाठी वडूजला, खटाव तालुक्याच्या कचेरीच्या गावी, जावं लागलं.

इंग्रजी अमदानीपासून गावागावात जन्म-मृत्यूची एक वही असायची. महसुलाच्या भाषेत गाव नमुना १४, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. जुनी पानं मोडी लिपीत आहेत. २०२३ च्या शेवटी शेवटी कुणबी नोंदींच्या शोधासाठी ही सगळी दप्तरं बाहेर निघाली, त्यांचं स्कॅनिंग झालं, मोडी वाचणारी माणसं शोधून आणली गेली. त्या धामधुमीत आमचंही काम झालं. एका निवृत्त गुरुजींनी जिजीच्या माहेरच्या गावची पानं माझ्यासमोर बोट फिरवत फिरवत वाचली.

जिजीच्या वडलांच्या नावापुढं तीन मुली निघाल्या. १९२८, १९३१ आणि १९३६. तिन्ही ठिकाणी तारीख आहे, बापाचं नाव आहे, जात आहे, आणि पुढं नुसतं 'मुलगी'. बारशाआधी नोंद व्हायची, म्हणून नाव नाही. मुलांच्या नोंदीतही कित्येकदा नाव नसतं, पण मुलगा पुढं शाळेत जातो, सातबाऱ्यावर येतो, कुठं ना कुठं तो त्या नोंदीला जोडता येतो. मुलगी लग्न होऊन जाते, नाव बदलतं, गाव बदलतं, आणि वहीतली 'मुलगी' वहीतच राहते. या तिघींतली आमची जिजी कोणती?

उत्तर तिच्याच एका गोष्टीत होतं, आम्ही लहानपणी शंभरदा ऐकलेल्या. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. जिजीचे वडील त्या मोर्चात होते. संध्याकाळी गावात उलटसुलट बातम्या येऊ लागल्या तेव्हा तिच्या आईनं तिला वेशीवर पाठवलं, बाबा दिसतो का बघ म्हणून. "धाकल्याला कडेवर मारलं आन् परकर खोचून पळत सुटले. मारुतीपाशी उभी ऱ्हायले. अंधार पडला तरी हालले न्हाई. बाबा आला तवा त्याच्या पायात एकच पायताण हुतं." धाकटा भाऊ १९४१ चा, त्याची नोंद वहीत आहे. म्हणजे तो वर्षाचा. १९३६ ची मुलगी सहा वर्षांची, ती वर्षाचं पोर कडेवर घेऊन पळणार नाही. १९२८ ची मुलगी म्हणजे थोरली बहीण, तिचं लग्न त्याआधीच झालेलं, हे माहेरच्या माणसांकडून कळलं. राहिली १९३१ ची. नोव्हेंबर महिना. मोर्चाच्या दिवशी जिजी दहा पूर्ण होऊन अकराव्यात होती, आणि गेली तेव्हा एक्याण्णव पूर्ण करून ब्याण्णवाव्यात.

गुरुजींनी त्या ओळीवर पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि म्हणाले, "घ्या, ही तुमची आजी." मला रडू आलं. कचेरीत, लोकांसमोर. गुरुजींनी पाण्याची बाटली पुढं केली आणि पुढचं पान उघडलं.

लग्नाचं साल लागायला फार त्रास झाला नाही. साताऱ्यात तेव्हा इंग्रजांना न जुमानणारं प्रति सरकार होतं, नाना पाटलांचं, म्हणजे माझ्या यादीतलं पत्री सरकार. त्यांच्या माणसांनी गावोगाव कमी खर्चात लग्नं लावून दिली, त्यांना गांधी लग्न म्हणत. जिजीचं लग्न तसंच झालं. वाजंत्री नाही, हुंडा नाही, एका मांडवात पाच जोडपी, गळ्यात सुताचे हार. "जेवायला काय हुतं?" असं मी तिला एकदा विचारलं होतं. "गूळ-शेंगदाणं," म्हणाली, "आन् पोटभर भाषणं." तिच्या आणि आबांच्या सांगण्यावरून ते १९४५ साल.

आत्याचा जन्म मात्र वादाचा ठरला. आत्या शाळेच्या दाखल्याप्रमाणं १ जून १९४७ ची. आमच्या घरात चार जणांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण पूर्वी पोराला शाळेत घालताना गुरुजी तीच तारीख टाकायचे. पण जिजी नेहमी म्हणायची, "जळीत झालं तवा तू पोटात हुतीस." गांधीजींच्या खुनानंतर, १९४८ च्या फेब्रुवारीत, आमच्या भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. आमच्या गावातही एक वाडा जळला. त्या रात्री त्या घरच्या बायका-पोरांना मागच्या बोळानं ज्यांनी बाहेर काढलं त्यांत जिजी होती, सातवा महिना सरत आलेली. त्यांची तांब्या-पितळेची भांडी तिनं आमच्या कणगीत शाळवाखाली पुरून ठेवली आणि ते कुटुंब पुण्याला गेल्यावर गाडीत घालून पाठवली. एक तांब्याही ठेवून घेतला नाही. हे तिनं फुशारकीनं कधीच सांगितलं नाही, आत्याच्या वयाचा विषय निघाला की ओघात यायचं. आम्ही आधी आमच्या गावच्या वहीत आत्याला शोधत होतो. नोंद तिथं नव्हतीच. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती खटाव तालुक्यातल्या वहीत निघाली, एप्रिल १९४८. आत्या प्राथमिक शिक्षिका होती. नोंद बघून ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आणखी वर्षभर पोरं शिकवली असती गं मी."

आता तारेबद्दल.

माडीवर तुळईला एक खिळा आहे आणि त्याला तारेचा आकडा लटकवलेला. पूर्वी घराघरात असे आकडे असायचे, पावत्या, पोष्टाची कागदं, सोसायटीच्या नोटिसा, सगळं त्यात खोचायचं. आमच्या आकड्याला वीतभर जाड थर होता. वर लाइटची बिलं, म्हणून कुणी खाली बघितलंच नव्हतं. खाली मनीऑर्डरीची कुपनं होती. मनीऑर्डरीच्या फॉर्मचा खालचा तुकडा पोस्टमन पैशांबरोबर देऊन जायचा, त्यावर चार ओळी निरोप लिहायची सोय असे. तारेच्या गंजानं कागद एकमेकांना चिकटले होते. मी आणि चुलतभावानं बोथट सुरीनं ते एकेक सोडवले, जुन्या वर्तमानपत्रात पसरले. कसरीनं काही खाल्ले होते. पण पोष्टाचा शिक्का पुष्कळांवर वाचता येत होता, तारखेसकट. मी कचेऱ्यांतून जे शोधत होते त्याचा निम्मा भाग आमच्याच तुळईला लटकत होता.

आबांना लिहिता येत असे, पण बेताचं. निरोप तोकडे आहेत. "रु. ३० पाठवले. पैकी १० सोसायटीत भरणे. बैलाला पत्र्या मारून घेणे." "चटणी पोचली. शेंगा थोड्या ओल्या होत्या." "अप्पाला शाळेत घालणे." प्रत्येक वाक्य 'णे'कारांती. ते मुंबईहून हुकूम सोडतात असं वाचताना वाटतं. पण दोन-तीन महिन्यांची कुपनं ओळीनं लावली की चित्र बदलतं. एका कुपनात "विहिरीचे काम पुढे ढकलणे", आणि तिसऱ्या कुपनात "विहिरीला पाणी लागले ऐकून आनंद झाला." म्हणजे मधल्या काळात जिजीनं विहीर ढकलली नव्हती, खणून घेतली होती. अशी किती तरी. तिची उत्तरं आमच्याकडं नाहीत, ती मुंबईच्या गाळ्यात गेली आणि संपली. पण आबांच्या पुढच्या निरोपावरून तिनं काय केलं ते लख्ख दिसतं.

१९५३ च्या एका कुपनावर फक्त एवढं आहे: "बाळाचे समजले. रजा मिळत नाही. जिवाला लावून घेऊ नकोस." खाली रुपयांचा आकडा वीस.

आमच्या वंशावळीत जिजीला चार मुलं. ती स्वतः मात्र "सहा बाळंतपणं काढली" म्हणायची. ही दोन पोरं कोणती हे कुणी कधी विचारलं नाही. कोतवाल बुकात त्याच वर्षी मृत्यूची नोंद मिळाली: मुलगा, वय आठ महिने, ताप. दुसऱ्याची नोंद मिळाली नाही, पण चुलतआजीनं सासूकडून ऐकलेलं सांगितलं, मुलगी होती, दोन दिवसांची. काकांचं म्हणणं पडलं की हे पुस्तिकेत घालू नये, पोरांना वाचून वाईट वाटेल. आत्या ठाम राहिली. "तिनं मोजली, तर आपण बी मोजायची." आम्ही सहाही लिहिली.

याच कुपनांच्या पाठीमागं दुसरं काहीतरी होतं. सुरुवातीच्या कुपनांच्या पाठी कोळशाच्या रेघा आहेत, चार उभ्या आणि पाचवी आडवी, मजुरांच्या दिवसांच्या असाव्यात. १९६० नंतरच्या काहींवर शिसपेन्सिलीची अक्षरं दिसू लागतात. मोठी, वेडीवाकडी, कागदाच्या कडेपर्यंत जाऊन खाली वळणारी. पहिला शब्द जो मला लागला तो 'शेंगा'. त्यापुढं चार आणि त्यापुढं 'पा', पायली. ही जिजीची अक्षरं. १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली ती सातारा जिल्ह्यातच. रात्री कंदिलाच्या उजेडात शाळेत वर्ग भरायचे, बायका भाकरी-कालवण आवरून जायच्या. जिजी गेली, सासूच्या परवानगीची वाट न बघता गेली असं चुलतआजी सांगते. सोसायटीच्या कर्जरोख्यांवर १९५८ पर्यंत तिचा अंगठा आहे, १९६१ मध्ये सही. नाव लिहिताना तिनं शेवटच्या अक्षराची शेपटी अशी लांबवली आहे की ती शिक्क्यावर चढली आहे. तेवढ्या सहीचा फोटो आम्ही पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर घेतला.

कुळकायद्याचं प्रकरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर. ज्या कुटुंबाची भांडी जिजीनं कणगीत ठेवली, त्यांचीच जमीन आम्ही वाट्यानं करत होतो. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्यानं मालक ठरलं. पण ठरलं म्हणजे हातात आलं असं नाही. कलम ३२ ग खाली चौकशी व्हायची, किंमत ठरायची, ती हप्त्यांनी भरायची, मग ३२ म चं सर्टिफिकेट. फेरफाराच्या उताऱ्यावर हे सगळं आबांच्या नावानं आहे आणि घरात गोष्टही तशीच सांगितली जाते, "आबांनी जमीन सोडवली." मी चौकशीच्या कागदांची नक्कल मागितली. त्यात जबाब आहे. "कूळ नोकरीनिमित्त मुंबईस. कुळाची पत्नी समक्ष हजर." आणि खाली तिचं म्हणणं: नांगरट आम्ही करतो, बी आमचं, बैल आमचे, खंड दर साली दिला आहे. शेवटी डाव्या हाताचा अंगठा.

तारखांना ती बैलगाडीनं किंवा चालत कराडला जायची, माझे वडील तेव्हा अंगावर पिणारे. एका तारखेला मालकांकडच्या मोठ्या काकू पुण्याहून आल्या होत्या. दोघी कचेरीच्या पायरीवर शेजारी बसल्या, जिजीची भाकरी दोघींनी खाल्ली. काकूंनी आत जाऊन सांगितलं की हीच माणसं कसतात, आमची तक्रार नाही. जमीन गेली त्याचं दुःख त्यांना झालंच असेल. तरी त्या खरं बोलल्या, आणि पुस्तिकेत त्यांच्याबद्दल एक पूर्ण परिच्छेद असावा हा माझा हट्ट मी सोडला नाही.

हप्ते भरले गेले ते कुपनांच्या पाठीवरच्या हिशेबात दिसतात. मुंबईहून आलेले पैसे हप्त्याला पुरत नव्हते, उरलेला भाग शेंगांचा. म्हणून मी पुस्तिकेत लिहिलं की जमीन जिजीनं सोडवली. काकांनी वाचून विचारलं, "मग आबांनी काय केलं?" मी कुपनं त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती एकेक वाचली, आणि वाक्य बदलायला सांगितलं नाही, फक्त त्यापुढं एक जोडलं: "आबांनी एकही महिना मनीऑर्डर चुकवली नाही." तेही खरं आहे.

भूकंपाची तारीख शोधावी लागली नाही. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं, ती आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असते. मागची भिंत पडली. जिजीनं पोरं अंगणात फेकल्यासारखी बाहेर काढली आणि म्हशीचं दावं कापायला परत आत गेली. पुढं कितीतरी रात्री सगळं गाव उघड्यावर झोपत होतं, थंडीचे दिवस. बहात्तरला तिच्या माहेरची माणसं जनावरांसकट आमच्याकडं आली. एका घरात दोन घरं. आमच्या बाजूला निदान नदीकाठची वैरण तरी होती. ती भावजयांना घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, सुकडी पदरात बांधून पोरांना आणायची. हुलग्याचं माडगं आणि लाल मिलोची भाकरी, या दोन गोष्टी तिनं नंतर घरात पुन्हा कधी केल्या नाहीत. मागितल्या तरी नाही.

मग १९८२. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मिटलाच नाही. आबा गावी आले ते कायमचे. मनीऑर्डर बंद. आकड्यावरची कुपनं संपतात आणि त्यांच्यावर दूध डेअरीची कार्डं सुरू होतात. सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, दर. संपाच्या आधीच जिजीनं डेअरीचं खातं काढलं होतं, स्वतःच्या नावावर. आबा येईपर्यंत चार म्हशी झाल्या होत्या. दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर माझ्या धाकट्या काकांचं कॉलेज झालं. आबा सुरुवातीला नुसते ओट्यावर बसून असायचे, गिरणीच्या भोंग्याच्या वेळेला दचकून उठायचे. जिजीनं त्यांना डेअरीला किटली घेऊन जायचं काम दिलं. काकांच्या मते त्या कामानं आबा वाचले. मलाही तसंच वाटतं.

आबा १९९६ ला गेले. वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर जिजीचं नाव पहिल्यांदा चढलं, जमीन सोडवल्यावर चार दशकांनी.

त्यानंतरची सत्तावीस वर्षं आम्हा नातवंडांच्या डोळ्यांदेखतची, ती लिहायला सोपी असतील असं वाटलं होतं. तिथं उलट झालं. प्रत्येकाची जिजी वेगळी. कुणासाठी गोधडी शिवणारी, कुणासाठी पहाटे बी निवडणारी. घेवड्याचं, दोडक्याचं, भोपळ्याचं बी ती राखेत घोळून गाडग्यात ठेवायची आणि आखाडात गावातल्या बायकांना मूठ मूठ वाटायची. पंचाऐंशीव्या वर्षीही बांधावरची तूर स्वतः झोडपली. शेवटी मी एकेका नातवाला एक पान दिलं आणि जसं आलं तसं छापलं.

वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर आत्यानं पुस्तिका मोठ्यानं वाचली. शिक्षिकेचा आवाज, मागच्या ओळीपर्यंत पोचणारा. चुलतआजीनं मध्ये थांबवून बांडी म्हस दुसऱ्या वेताची होती, तिसऱ्या नव्हे, एवढी दुरुस्ती सांगितली. वडूजचं पान वाचून झालं तेव्हा माहेरचे धाकटे मामाआजोबा, ते कडेवरचे, काठी टेकत उठले आणि पुढं येऊन आत्याच्या हातातलं पान स्वतः बघून गेले.

पुस्तिकेत एक वाक्य होतं, जिजीनं मुंबई पहिल्यांदा पाहिली ती १९९१ ला, नातवाच्या बारशाला. सगळ्यांच्या मते तसंच होतं. पुस्तिकेची एक प्रत गावच्याच एका जुन्या गिरणी कामगाराकडं गेली, ते आता मुलाकडं डोंबिवलीला असतात. त्यांचा फोन आला. म्हणाले, "पोरी, हे चुकलंय. संपाच्या पहिल्या पावसाळ्यात जिजी गाळ्यावर आली होती. एस.टी.च्या टपावर शाळवाची दोन पोती घालून. आबा तोवर गावी गेले होते, पण आम्ही सात जण अजून तिथंच होतो, खानावळीचं देणं थकलेलं. आठवडाभर ऱ्हायली, रोज भाकऱ्या थापल्या, आन् जाताना खानावळवाल्या बाईला म्हणाली, ह्यांचं जे काय असंल ते मला पत्रानं कळवा." आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. आत्यालाही नाही. मी त्यांना विचारलं, तेव्हा पाऊस लागला होता का, गणपती आले होते का, गाळ्यात वर कोण झोपत होतं. त्यांनी सगळं सांगितलं. दुसऱ्या छपाईत ते पान बदलतं आहे, आणि आकड्यावरच्या १९८२-८३ च्या कागदांत खानावळीचं एखादं पत्र निघतं का ते मी या दिवाळीत गावी गेले की बघणार आहे.